आयात शुल्क नेमके कोणाच्या खिशातून जाते?

आपण इचलकरंजीत यंत्रमाग चालवता आणि आपला प्रश्न दुहेरी आहे. अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावले तेव्हा ते पैसे प्रत्यक्षात कोणी भरले, हा त्याचा पहिला भाग. आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त कापडावर आपल्या सरकारनेही असेच जबर शुल्क बसवावे, अशी मागणी आपल्या संघटनेने करावी का, हा दुसरा. मी न्हावाशेवा बंदरात सीमाशुल्क दलाल म्हणून, म्हणजे जुन्या भाषेत सीएचए म्हणून, सत्तावीस वर्षे काम करतो आहे. अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडे आहे, परंतु शुल्काबद्दल मला जे उमगले ते बहुतेक बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचे सीमाशुल्क विवरणपत्र, भरता भरता उमगले, म्हणून सुरुवात त्या कागदापासूनच करतो.

समजा, एखाद्याने 1 लाख रुपये मूल्याचे यंत्राचे सुटे भाग मागवले आणि त्यावर मूळ सीमाशुल्क 10 टक्के आहे. त्याचे झाले 10,000 रुपये. या 10,000 वर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी 1,000 रुपये. आता 1,11,000 रुपयांवर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे 19,980 रुपये. एकूण 30,980 रुपये भरल्याखेरीज माल बंदराबाहेर पडत नाही. यातल्या आयजीएसटीची वजावट आयातदाराला पुढे मिळते, त्यामुळे तो खर्च धरला जात नाही. मूळ शुल्क आणि अधिभाराचे 11,000 रुपये मात्र परत मिळत नाहीत, ते मालाच्या किमतीतच मुरतात. सत्तावीस वर्षांत शुल्क भरण्याच्या चलनावर मी परदेशी निर्यातदाराचे नाव एकदाही पाहिलेले नाही. जो देश शुल्क लावतो सहसा त्याच देशातला आयातदार ते भरतो, आणि अमेरिकेतही हेच चालते.

परंतु चलन कोणाच्या नावावर निघाले यावरून बोजा कोणावर पडला हे ठरत नाही. आयातदार तो बोजा पुढे ग्राहकावर ढकलू पाहतो किंवा मागे पुरवठादारावर. दोघांपैकी ज्याला दुसरा पर्याय आहे तो निसटतो, आणि ज्याला पुढेही ढकलता येत नाही आणि मागेही, त्याच्या गळ्यात शुल्क पडते. माझ्या मते आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या एका गोष्टीत आहेत.

शुल्क फक्त आयात मालाचीच किंमत वाढवते, हा गैरसमज आधी दूर करायला हवा. अमेरिकेने 2018 च्या फेब्रुवारीत बाहेरून येणाऱ्या वॉशिंग मशिनवर शुल्क लावले. ठरावीक संख्येपर्यंत 20 टक्के आणि त्यापुढच्या यंत्रांवर 50 टक्के अशी त्याची रचना होती. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर किमती तपासल्या तेव्हा मशिन सुमारे 12 टक्क्यांनी महागल्याचे आढळले, आणि त्यात अमेरिकेत बनलेली मशिनही होती, कारण स्पर्धक महागल्यावर देशी कारखानदाराने आपली किंमत खाली का ठेवावी? त्याहून मजेची गोष्ट म्हणजे कपडे वाळवण्याचे ड्रायरही जवळजवळ तितकेच महागले. ड्रायरवर शुल्क नव्हतेच. पण तिकडे दोन्ही यंत्रे जोडीने विकली जातात, म्हणून दुकानदारांनी वाढ दोघांवर वाटून टाकली. या शुल्काने सुमारे 1,800 नोकऱ्या निर्माण झाल्या आणि ग्राहकांच्या खिशातून गेलेली रक्कम त्यांवर वाटली तर एकेका नोकरीमागे 8 लाख डॉलरांहून अधिक खर्च येतो, असा त्या अभ्यासाचा हिशेब आहे. त्या कामगारांना तेवढा पगार मिळाला नाही हे सांगायला नको.

आता आपल्या धंद्याच्या जवळ येतो. 2021 च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर 5 टक्के मूळ शुल्क आणि 5 टक्के कृषी पायाभूत विकास उपकर बसला. अधिभार धरून एकूण 11 टक्के. त्याआधी कापूस शुल्काशिवाय येत होता. हेतू शेतकऱ्याला भाव मिळावा हा होता. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी या 11 टक्क्यांनी काहीच घडले नाही, कारण आपण स्वतःच कापसाचे मोठे निर्यातदार होतो, देशातला भाव जागतिक भावाच्या खाली होता आणि बाहेरून आणण्याची गरजच फारशी कोणाला नव्हती. जिथे माल येतच नाही तिथे आयात शुल्क म्हणजे कोरड्या विहिरीवर बसवलेला रहाट. पुढे देशातले पीक घटत गेले, गिरण्यांना बाहेरच्या गाठी लागू लागल्या, आणि मग तेच 11 टक्के बोचू लागले. बाहेरची रुई बंदरात उतरून खंडीला 55,000 रुपये पडत असेल, तर शुल्कासह ती 61,050 ला जाते आणि देशी जिनिंगवाल्याला (कापसातली सरकी काढून रुई विकणाऱ्याला) तेवढ्या मर्यादेपर्यंत भाव चढवायला जागा मिळते. ही जागा आहे, हमी नाही. मिळालेला जास्तीचा भाव जिनिंगवाला, व्यापारी आणि शेतकरी यांच्यात कसा वाटला जाईल हे शेतकऱ्याला माल धरून ठेवता येतो की नाही यावर ठरते, आणि विदर्भातल्या लहान शेतकऱ्याला बहुधा तो धरता येत नाही. खेडा खरेदीला आलेल्या माणसाला तो दिवाळीच्या आधीच कापूस देऊन मोकळा होतो.

दुसरे टोक आपले आहे. मोठी निर्यातदार गिरणी ॲडव्हान्स ऑथरायझेशन घेते, म्हणजे निर्यातीच्या मालात वापरायचा कापूस शुल्क न भरता आणते, आणि ठरलेल्या मुदतीत तेवढी निर्यात करून सरकारला दिलेला हमीचा बाँड सोडवून घेते. ही कागदपत्रे मी स्वतः शेकड्याने केली आहेत. आपण मात्र कापूस आणत नाही, सूत विकत घेता. आणि ते बाजारभावाने घेता, ज्यात 11 टक्क्यांची सावली पडलेली असते. आपले कापड शेवटी परदेशात गेले तरी निर्यातदार दुसराच असल्याने त्या सवलतीचा लाभ आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. कापसावरच्या शुल्काचा बोजा यंत्रमागावर सर्वांत जास्त पडला तो यामुळे, आणि याची चर्चा कापूस परिषदांमध्ये मी फारशी ऐकलेली नाही.

सरकारनेही या शुल्काबाबत एक भूमिका ठेवली नाही. 2022 मध्ये कापसाचा भाव क्विंटलला 10,000 च्या वर गेला तेव्हा 14 एप्रिलपासून शुल्क माफ झाले, ते ऑक्टोबरअखेरपर्यंत. फेब्रुवारी 2024 मध्ये अतिलांब धाग्याचा, 32 मिलिमीटरहून अधिक लांबीचा कापूस वगळला गेला. मग अमेरिकेचे 50 टक्के येऊ घातले तेव्हा 19 ऑगस्ट 2025 पासून पुन्हा सरसकट माफी मिळाली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे नवा कापूस बाजारात येण्याच्या नेमक्या वेळी शेतकऱ्याचे संरक्षण काढून घेतले गेले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये होता. बाजार त्याच्या खाली राहिला, आणि हमीभावाने खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर 12 टक्क्यांहून जास्त ओल असलेला कापूस घेत नसल्याने पहिल्या वेचणीचा ओला माल घेऊन आलेल्या माणसाला व्यापाऱ्याकडेच वळावे लागले. गिरण्यांना दिलासा हवा होता हे मला मान्य आहे. पण अमेरिकेने आपल्या टॉवेलवर लावलेल्या शुल्काचा एक वाटा अशा रीतीने यवतमाळच्या शेतकऱ्याने भरला, हेही खरे आहे.

शुल्क नेम धरून मारले तरी दुसरीकडेच लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सोयाबीनचे. सोयाबीनचा भाव 4,892 रुपयांच्या हमीभावाच्या खाली असताना, 14 सप्टेंबर 2024 रोजी कच्च्या खाद्यतेलावरचे एकूण शुल्क 5.5 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर आणि शुद्ध तेलावरचे 13.75 वरून 35.75 वर नेले गेले. विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावरचा हा निर्णय होता. तेल लगेच महागले, ते प्रत्येक घराने अनुभवले. लातूरच्या बाजारात सोयाबीन मात्र हमीभावाला शिवले नाही. कारण साधे आहे: एक क्विंटल सोयाबीन गाळले तर तेल निघते सुमारे 18 किलो आणि उरलेली बहुतेक पेंड. दाण्याचा भाव पेंडीवर फार अवलंबून असतो. पेंडीला जागतिक बाजारात उठाव नव्हता, आणि देशात इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मक्या-तांदळाचा चोथा पशुखाद्यात तिची जागा स्वस्तात घेत होता. तेलावर कितीही शुल्क लावा, पेंड पडलेली असेल तर दाणा उठत नाही. शिवाय वाट वाकडी झाली ती वेगळीच. साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या व्यापार करारानुसार नेपाळचा माल शुल्काशिवाय येतो, म्हणून ज्या देशात सोयाबीनचे पीक नगण्य आहे तिथून शुद्ध सोयाबीन तेलाचे टँकर भारतात येऊ लागले. मे 2025 च्या अखेरीस कच्च्या तेलावरचे शुल्क 16.5 टक्क्यांवर उतरवले गेले आणि शुद्ध तेलावरचे तसेच ठेवले. त्यातून रिफायनरीवाल्यांचे भले झाले. दोन्ही वेळा शेतकऱ्याचे नाव पुढे होते.

आता अमेरिकेच्या 50 टक्क्यांकडे. 7 ऑगस्ट 2025 पासून 25 टक्के आणि 27 ऑगस्टपासून आणखी 25. त्याच वेळी बांगलादेश आणि व्हिएतनामवर 20 टक्के आणि पाकिस्तानवर 19 टक्के होते. हा तुलनेचा आकडा निर्णायक आहे. सर्वांवर सारखेच शुल्क असते तर अमेरिकी ग्राहकाने बराचसा बोजा उचलला असता, कारण टॉवेल त्याला कुठून तरी घ्यायचाच आहे. पण शेजाऱ्याच्या मालावर 50 ऐवजी 20 टक्केच शुल्क असल्यावर आपल्याकडे बोजा पुढे ढकलण्याची सोय उरत नाही. सोलापूरचे एक टॉवेल निर्यातदार माझे जुने ग्राहक आहेत. 25 टक्के असताना खरेदीदाराचा निरोप आला की शुल्काचा निम्मा भाग तुम्ही सोसा, तर ऑर्डर कायम ठेवतो. त्यांनी नफा सोडून ते मान्य केले. 50 झाल्यावर निरोप आला तो सवलतीचा नव्हता, ऑर्डर थांबवण्याचा होता. म्हणजे 10 किंवा 25 टक्क्यांना घासाघीस होते, 50 टक्क्यांना व्यवहारच बंद पडतो आणि मग शुल्क कोणीच भरत नाही. भरतो तो रजेवर पाठवलेला कामगार.

दुसऱ्या एका ग्राहकाची गोष्ट सांगतो, कारण तिच्यातून घेण्यासारखे आहे. त्यांचा करार डीडीपी अटीवर होता, म्हणजे तिकडचे शुल्क भरून माल खरेदीदाराच्या गोदामात पोहोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची. शुल्क किरकोळ असताना ही अट त्यांना सोयीची वाटली होती, त्यामुळे भाव थोडा चढा मिळत होता. नव्या दराच्या आदेशात वाटेतल्या मालाला सूट होती: 27 ऑगस्टपूर्वी जहाजावर चढलेला आणि 17 सप्टेंबरपूर्वी अमेरिकेत सोडवलेला माल जुन्या दराने जाणार होता. त्यांनी धावपळ करून 22 ऑगस्टला दोन कंटेनर चढवले आणि मला पेढे पाठवले. न्हावाशेवाहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जायला महिना तरी लागतो, हे त्यांच्या लक्षात आले नव्हते. 17 सप्टेंबरला ते कंटेनर समुद्रातच होते. 50 टक्के त्यांनीच भरले, कारण कराराने ते स्वतः आयातदाराच्या जागी उभे होते. शुल्काच्या चलनावर मला परदेशी निर्यातदाराचे नाव कधी दिसले नाही असे वर लिहिले, त्याचा हा अपवाद समजावा. दुर्दैवाने तो परदेशी निर्यातदार आपला माणूस होता.

या सगळ्यावरून मी शुल्काच्या सरसकट विरोधात आहे असे वाटेल, तर तसे नाही. ज्या मराठी परंपरेत आपण वाढलो तिने संरक्षणाची बाजू फार समर्थपणे मांडलेली आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात, खुल्या व्यापाराचे इंग्लंडचे शास्त्र जसेच्या तसे हिंदुस्थानला लागू पडत नाही, हे साधार दाखवले होते. पुढे चारच वर्षांनी त्याचा पुरावा समोर आला. 1896 मध्ये सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क लावले आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची तक्रार नको म्हणून तितकाच साडेतीन टक्के अबकारी कर मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही बसवला. तो कर रद्द व्हायला 1926 उजाडले. संरक्षण न मिळण्याची किंमत काय असते हे मुंबईला तीस वर्षे दिसत होते.

संरक्षण मिळाल्यावर काय होते, त्याची दोन्ही प्रकारची उदाहरणे आपल्याकडे आहेत. 1932 च्या कायद्याने साखरेला संरक्षण मिळाले आणि तिसेक कारखान्यांचे पाच वर्षांत शंभराहून अधिक झाले. देश आयातदाराचा उत्पादक बनला. दुसरीकडे कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी कित्येक दशके जवळजवळ त्याच रूपात विकली गेली आणि स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. गाड्यांवरचे आयात शुल्क 1991 नंतरही जबर राहिले, तरी चाकणमध्ये आज जगातल्या नामांकित कंपन्या गाड्या बनवतात. फरक शुल्कात नव्हता, आतल्या बाजारात होता. परवाना पद्धतीने देशी स्पर्धकालाही दार बंद होते तेव्हा शुल्काच्या भिंतीआड आळस माजला. 1991 नंतर भिंत तशीच ठेवून आत कोणालाही येऊ दिले, तेव्हा परदेशी कंपन्या भिंत ओलांडून आत येऊन बसल्या आणि एकमेकींशी लढू लागल्या. म्हणून आयातीवर शुल्क मागणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की देशात आपल्याशी स्पर्धा करणारे किती आहेत. आपल्या धंद्यात ते हजारो आहेत, तेव्हा आळसाचे भय तुमच्या बाबतीत नाही.

दुसरा प्रश्न शुल्क कोणत्या प्रकारचे हवे, हा आहे. येणाऱ्या कापडाचा खरा रोग दरात नसून जाहीर केलेल्या किमतीत असतो. किलोला तीन डॉलरचे कापड कागदावर दीड डॉलरचे दाखवले की टक्केवारीचे शुल्क आपोआप निम्मे होते. कृत्रिम धाग्याच्या, मागावर नव्हे तर सुयांवर विणलेल्या, म्हणजे निट, कापडाबाबत सरकारने हे ओळखले. मार्च 2024 मध्ये त्यातल्या काही प्रकारांना किलोमागे 3.5 डॉलर ही किमान आयात किंमत ठरवली, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात नऊ प्रकारांवर ‘20 टक्के किंवा किलोमागे 115 रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते’ असे शुल्क बसवले. 200 रुपये किलोच्या मालावर 20 टक्क्यांनी 40 रुपये झाले असते, आता 115 लागतात. आणि 575 रुपयांच्या वरच्या चांगल्या कापडावर टक्केवारीच चालते. किंमत कमी दाखवून काही साधत नाही, कारण वजन खोटे दाखवणे कंटेनर काट्यावर चढत असल्याने बरेच कठीण. आपल्या संघटनेने नुसते ‘शुल्क वाढवा’ असे निवेदन देण्यापेक्षा आपण बनवता त्या मागावरच्या कापडाचे एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कातले वर्गीकरण क्रमांक, हेरून त्यांना वजनावरचे शुल्क मागावे, असे मी सुचवेन.

त्याच निवेदनात सुताबद्दल काय म्हणायचे तेही आधी ठरवा. सूत आणि कृत्रिम तंतूवर शुल्क किंवा बीआयएस या भारतीय मानक संस्थेच्या दर्जा आदेशांसारखे (तिच्या प्रमाणपत्राशिवाय माल येऊ न देणारे) अडसर राहिले, तर कापडावर मिळालेले संरक्षण खालून गळून जाते. पॉलिस्टरचे तंतू आणि धाग्यांवरचे असे आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये मागे घेतले गेले, त्याआधीची दोन वर्षे कोणाला किती महाग पडली हे आपल्याला ठाऊकच आहे. जो कच्चा माल आपण विकत घेता तो बनवणारेही याच सरकारच्या दारात उभे असतात, आणि ते संख्येने थोडे पण संघटित असल्याने त्यांचे म्हणणे लवकर ऐकले जाते.

राहिला अँटी-डम्पिंगचा, म्हणजे अवाजवी स्वस्तात लोटलेल्या परदेशी मालावर जादा शुल्क मागण्याचा मार्ग. त्यासाठी डीजीटीआरकडे, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाच्या तपास यंत्रणेकडे, अर्ज करावा लागतो आणि अर्जदारांचे उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान 25 टक्के असावे लागते. शिवाय प्रत्येक अर्जदाराला आपला उत्पादन खर्च, विक्री, साठा आणि नफा-तोट्याचे काही वर्षांचे आकडे प्रमाणित करून द्यावे लागतात. चार मोठ्या रसायन कंपन्यांना हे एका महिन्यात जमते. मजुरीवर कापड विणणाऱ्या, बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ) व्यापाऱ्याचे आणि माग आपला अशा माणसाकडे मीटरमागच्या खर्चाची वही बहुधा नसते. पुढच्या बैठकीत संघटनेने शंभर-दीडशे कारखान्यांत एकसारखी खर्चवही सुरू करण्याचा ठराव केला, तर तिचा नमुना मी विनामूल्य तयार करून देईन. वीज, सूत, सायझिंग (सुताला खळ देणे), मजुरी आणि घट असे पाच रकाने सुरुवातीला पुरतील.